मानेवरच्या दोन वळ्या

कत्तलखान्यात माणसं एकमेकांना तोंडावरून ओळखत नाहीत, मानेवरून ओळखतात. तोंडाला फडकं, डोक्याला टोपी, अंगावर रबरी एप्रन, आणि सगळे एका रांगेत, एकाच्या पाठीमागे एक. सोलणाऱ्याच्या मानेवर चामखीळ होती, हूकवाल्याची मान लांबलचक होती, आणि मुकादमाला मान नव्हतीच, देवाने घाईघाईत डोकं थेट खांद्यांवर बसवून त्याला खाली पाठवला होता. रांगेत सगळ्यांच्या मागे सुरेवाला उभा असे. सतरा वर्षं त्याने माणसांच्या माना पाहिल्या होत्या, मेंढ्यांच्याही पाहिल्या होत्या, आणि मानेच्या बाबतीत आपल्याला कुणी शहाणपण शिकवू नये असं त्याचं ठाम मत होतं.

हे काम त्याला थोरल्या भावाने, दादाने, शिकवलं होतं. मेंढीच्या मागे उभं राहायचं. तिला दोन गुडघ्यांत धरायचं. डावा तळवा तिच्या डोळ्यांवर घट्ट ठेवायचा, आणि मग उजव्या हाताने सुरा ओढायचा, डावीकडून उजवीकडे, एका ओढीत. "तिला सुरा दिसता कामा नये," दादा सांगायचा, "आणि तुला तिचा डोळा." तळव्याखाली पापणी लागते. आधी ती जोरात फडफडते, मग मंद होते, मग थांबते. थांबली की हात काढायचा, त्याआधी नाही. बाकीचे लोक एवढं करत बसत नसत. "काय रे, पापण्या मोजतोस का?" म्हणून हूकवाला त्याची टिंगल करायचा. करो. दादाने सांगितलं ते सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी ह्याच दादाला फाटकाबाहेर एका ट्रक ड्रायव्हरने मारून टाकलं. भांडण कशावरून? तर ट्रक मागे घे म्हणाला म्हणून. ड्रायव्हरने शिवी दिली, दादाने दुप्पट दिली, आणि ड्रायव्हरने सीटखालची टॉमी, चाकं उघडायची ती लोखंडी सळई, बाहेर काढली. आरडाओरडा ऐकून सुरेवाला एप्रनसकट धावला तेव्हा पहिला घाव बसला होता. दादा गुडघ्यांवर होता. ड्रायव्हरची पाठ सुरेवाल्याकडे होती. दुसरा घाव कानावर, तिसरा टाळूवर. प्रत्येक वेळी टॉमी वर जाताना ड्रायव्हरच्या मानेवर दोन जाड वळ्या पडायच्या आणि त्यांच्यामधल्या खाचेत घाम चमकायचा. सुरेवाला फाटकाचे गज धरून ओरडत होता. हातात सुरा होता, पण फाटकाला कडी लागलेली होती. पाचव्या घावाला दादाचं डोकं डोक्यासारखं राहिलं नाही.

कडी लागलेली नव्हती. नंतर पंचनाम्याला आलेल्या शिपायाने एका बोटाने फाटक ढकललं आणि ते कुरकुरत उघडलं. कडी नुसती लोंबत होती, घाबरलेल्या माणसाने ती लागलेली पाहिली, एवढंच. ही गोष्ट सुरेवाल्याने जन्मात कुणाला सांगितली नाही. वळ्यांची मात्र ज्याला त्याला सांगितली. कोर्टातही त्याने आरोपीला पाठमोरा उभा करायला लावला आणि म्हणाला, "हीच मान."

ड्रायव्हरला शिक्षा झाली. सुरेवाल्याच्या मते ती शिक्षा नव्हतीच. तो दुसऱ्या दिवसापासून परत कामावर उभा राहिला, घरी वहिनीला सांभाळू लागला, आणि तिच्यासमोर बसून पुन्हा पुन्हा तेच सांगू लागला. पहिला घाव इथे, दुसरा कानावर. आल्यागेल्याला सांगायचा, हात वर करून दाखवायचा. आणि सुटून येऊ दे त्याला, मग बघतो, हे शेवटचं वाक्य ठरलेलं.

अकराव्या वर्षी ड्रायव्हर सुटून आला. बातमी हूकवाल्याने आणली. कौलांच्या कारखान्यामागे जो विहार आहे, तिथे तो झाडलोट करतो म्हणे. डोकं भादरलंय. सदा न कदा तपकिरी ब्लँकेट पांघरून बसतो.

"साधू झालाय तो," हूकवाला हसला.

"होऊ दे की," सुरेवाला म्हणाला. "मान तर तीच आहे ना?"

रविवारी काम आटोपून तो पहिल्यांदा नुसता बघायला गेला. विहार म्हणजे एक लांबट खोली, एका भिंतीला बुद्धाची मूर्ती, खाली चटया, आणि पूर्वेच्या खिडकीतून येणारं भरपूर ऊन. बसलेले सगळे मूर्तीकडे तोंड करून बसलेले, त्यामुळे दारातून आत येणाऱ्याला नुसत्या पाठी आणि भादरलेली डोकी दिसत. सुरेवाल्याला जागा अगदी ओळखीची वाटली. तिसऱ्या चटईवर, खिडकीपाशी, तपकिरी ब्लँकेट होतं. त्याच्या वरच्या काठाशी मान, आणि मानेवर दोन वळ्या. सुरेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो दाराशीच बसला.

समोर म्हातारे भिक्खू बोलत होते. सगळे त्यांना भन्ते म्हणत. अंगाने पाप्याचं पितर, पण आवाज खणखणीत.

"डोळ्याला काय कळतं? रंग कळतो, आकार कळतो, काही हललं तर कळतं. बस. माणूस डोळ्याला कळत नाही. 'हा अमुक' असं मन म्हणतं, आणि ते इतक्या झटक्यात म्हणतं की आपल्याला वाटतं आपण पाहिलंच. मन आपल्या गाठोड्यातले जुने कपडे काढून समोरच्याच्या अंगावर चढवतं. मग जन्मभर आपण त्या कपड्यांवर माया करतो, नाहीतर त्या कपड्यांना मारतो."

सुरेवाल्याला जांभई आली. मेंढीला असलं काही सांगायची गरज पडत नाही, असं त्याच्या मनात आलं.

लोक उठले तेव्हा तो थेट ड्रायव्हरच्या समोर जाऊन उभा राहिला. ब्लँकेट कानांपर्यंत ओढलेलं. तोंड सुकलेलं, दोन दात गेलेले. हे तोंड सुरेवाल्याला फारसं आठवत नव्हतं, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही.

"ओळखलंस?"

"ओळखलं," ड्रायव्हर म्हणाला. "कोर्टात होता तुम्ही."

"माझ्या भावाला मारलंस तू."

ड्रायव्हरने हात जोडले. "ज्याने मारलं तो माणूस आता नाही, दादा. माणूस क्षणाक्षणाला बदलतो असं भन्ते शिकवतात. तो गेला. मी वेगळा आहे."

त्याने दादा म्हणावं! सुरेवाल्याने त्याच्या थोबाडीत मारली. पाच बोटं उमटली. ड्रायव्हर हलला नाही, आणि सुरेवाल्याने परत हात उचलला तेव्हा मागून आवाज आला.

"अरे, असं शिकवलं होय मी तुला?"

भन्ते काठी टेकत आले होते, आणि विचारत होते ते ड्रायव्हरला.

"तो गेला म्हणतोस. मग झोपेत ओरडतो कोण? शेवटचं खरं पाहिलं तर मारणारा कुणी नाही आणि मरणारा कुणी नाही, हे मी सांगतो, आणि ते खरंच आहे. पण ज्याला ते दिसलं त्याचा हात दुसऱ्यावर उचलत नाही. तुझा उचलला होता. तेव्हा त्या खऱ्याच्या आड लपायचं तुला काही काम नाही. ह्यांनी सरळ विचारलंय, सरळ सांग. हात कोणाचा होता?"

ड्रायव्हरने जोडलेले हात सोडले आणि त्यांच्याकडे पाहिलं. गालावर बोटं तशीच होती.

"माझा," तो शेवटी म्हणाला.

सुरेवाला तिथून निघाला. भन्त्यांच्या एवढ्या बोलण्यातलं त्याने स्वतःच्या सोयीचं तेवढं उचललं. मारणारा कुणी नाही, मरणारा कुणी नाही. ठीक आहे, रस्त्याने जाताना तो स्वतःशी म्हणाला, मग मीही कुणी नाही. तुमच्याच तोंडचं आहे, आता बोंब मारू नका. इतकं हलकं त्याला अकरा वर्षांत वाटलं नव्हतं.

घरी गेल्यावर त्याने वहिनीला सांगितलं. वहिनी चहा गाळत होती.

"बघून आलो त्याला. मान तशीच आहे. दोन वळ्या. टॉमी वर गेली की अशा पडायच्या बघा, पहिला घाव बसला तेव्हा..."

वहिनीने गाळणी आपटली. "पुरे करा भावोजी. अकरा वर्षं ऐकतेय. पहिला इथे, दुसरा कानावर. आता मी डोळे मिटले तर मला ह्यांचं तोंड दिसत नाही. फुटलेलं डोकं दिसतं. मी तर तिथे नव्हतेसुद्धा! कसे हसायचे ते आठवायला जाते आणि तुमची ती टॉमी मध्ये येते. त्या माणसाने नवरा एकदा नेला. तुम्ही रोज नेताय."

सुरेवाला चहा तसाच ठेवून उठला. वाईट वाटलं त्याला, खूप वाटलं. पण वाईट वाटल्यावर करायचं काय हे त्याला एकाच प्रकारे माहीत होतं, आणि वहिनीचं दुःखही त्याने ड्रायव्हरच्याच माथी मारलं.

मंगळवारी कत्तलखान्याला सुट्टी असते. मंगळवारी सकाळी त्याने सुऱ्याला धार लावली, अंगठ्याच्या नखावर ती तपासली, सुरा फडक्यात गुंडाळला आणि विहाराची वाट धरली.

त्या दिवशी सभा नव्हती. दोनतीन भिक्खू मागे विहिरीपाशी कपडे धूत होते, आपटल्याचा आवाज येत होता. खोलीत एकच माणूस होता. तिसरी चटई, पूर्वेची खिडकी, तपकिरी ब्लँकेट. मूर्तीकडे तोंड, दाराकडे पाठ. ऊन थेट मानेवर पडलं होतं, आणि त्या उन्हात सुरेवाल्याला दोन वळ्या दिसल्या, त्यांच्यामधली खाच दिसली, खाचेतला घाम दिसला. शपथेवर सांगितलं असतं त्याने. कोर्टात सांगितलं होतं तसंच.

सात पावलं होती. त्याच्या पायांचा आवाज झाला नाही. मागे उभा राहून त्याने दोन्ही गुडघे त्या खांद्यांना लावले, डावा तळवा डोळ्यांवर घट्ट दाबला, आणि डावीकडून उजवीकडे सुरा ओढला.

तळव्याला चटका बसला. कपाळ तापाने नुसतं फणफणत होतं. आणि पापणी फडफडली नाही. तिने एकदा हळूच तळव्याला स्पर्श केला आणि ती मिटली, जशी कुणी घरात दिवसा डोळा लागताना मिटतं. एवढ्या वर्षांत त्या तळव्याला असं कधी जाणवलं नव्हतं. हात अडखळला. ओढ अर्ध्यावर राहिली, पण सुऱ्याला धार होती आणि अर्धी ओढही पुष्कळ असते. रक्ताची चिळकांडी खिडकीच्या गजांवर उडाली, दुसरी मूर्तीच्या पायांवर. ब्लँकेट खाली घसरलं.

आतून हाडकुळे खांदे निघाले. सुरकुतलेली, करंगळीएवढ्या शिरांची, वाळकी मान. तिच्यावर वळीबिळी काही नव्हतं, नुसतं कातडं होतं. भन्ते त्याच्या गुडघ्यांमधून मागे कलंडले आणि खालून त्याच्याकडे बघू लागले.

मागे पातेलं पडलं. गरम पाणी चटयांवरून वाहत आलं. दारात ड्रायव्हर उभा होता, उघडाबंब, हातात तापाच्या पट्ट्यांची फडकी. आपलं ब्लँकेट म्हाताऱ्याला पांघरून, त्याला उन्हात स्वतःच्या जागेवर बसवून तो पाणी तापवायला गेला होता, दुसरं काही झालं नव्हतं.

ड्रायव्हर धावला. सुरेवाल्याला वाटलं आता हा आपला गळा धरणार, आणि धरला असता तर बरं झालं असतं. पण त्याने फडकी भन्त्यांच्या गळ्यावर दाबली आणि तो किंचाळला, "कुठे दाबू? सांगा ना! तुम्हाला कळतं, कुठे दाबू?"

सुरेवाल्याला कळत होतं. जगात दुसरं काही कळत नसेल, हे कळत होतं. सुरा टाकून तो गुडघ्यांवर बसला. "अंगठा खाली घाल. कडेला नाही, आत. अजून आत. सोडू नको." स्वतःची दोन बोटं त्याने कापाच्या दुसऱ्या टोकाला घातली. रक्त दोघांच्या बोटांमधून वर येत होतं, ऊन आणि चिकट, कोपरांपर्यंत. दोघांची डोकी एकमेकांना लागत होती. भिक्खू आले, कुणीतरी फोन केला, कुणीतरी मोठ्याने रडू लागलं. भन्त्यांच्या घशातून नुसता खरखर आवाज येत होता. त्यांचा एक डोळा सुरेवाल्यावर होता. तो डोळा बघत होता, आणि ज्याने जन्मात असला डोळा बघितला नव्हता तो सुरेवाला आज मान फिरवू शकत नव्हता.

मग पापण्या जड झाल्या. सुरेवाल्याने मोकळा डावा तळवा त्यांच्या डोळ्यांवर ठेवला, त्याला दुसरं काही सुचलं नाही. पापणी लागली. मंद झाली. थांबली. त्याने हात काढला नाही.

पोलिसांची गाडी आली ती अँब्युलन्सच्या आधी. फौजदार आत आला, त्याच्यामागे दणकट शिपाई. फौजदाराने एक नजर फिरवली आणि त्याला जे दिसायचं ते दिसलं. ह्या ड्रायव्हरला तो चांगला ओळखत होता. दर महिन्याला ठाण्यात हजेरी लावून जायचा. खुनी माणूस, कोपरापर्यंत रक्त, आणि जवळ सुरा.

"अकरा वर्षं जेलची हवा खाऊन पोट भरलं नाही का रे तुझं?" तो म्हणाला. "ह्या देवमाणसाला मारलंस?"

ड्रायव्हरने सुरेवाल्याकडे पाहिलं. क्षणभरच पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "माझ्यामुळेच गेले ते."

शिपायाने त्याला लाथ घालून पालथा पाडला, पाठीवर गुडघा दिला आणि लाठी उगारली. एका भिक्खूने तोंड उघडलं, पण काप घालताना कुणी पाहिलंच नव्हतं, तो काय सांगणार? पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा कानावर. कानातून रक्त आलं.

सुरेवाला बाजूला उभा होता. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. एप्रन नाही, हातात सुरा नाही, मदतीला धावून आलेला माणूस. आता काही न करता सगळं होणार होतं. ड्रायव्हर फासावर जाणार होता, आणि तेही सरकारी खर्चाने. अकरा वर्षं ह्याच दिवसासाठी तो जगला होता, फक्त गप्प उभं राहायचं होतं. तिसरा घाव टाळूवर बसला. लाठी वर गेली तसं सुरेवाल्याचं लक्ष खाली, ड्रायव्हरच्या उघड्या मानेवर गेलं. तो वळ्या शोधत होता. मान बारीक होती, पांढरे खुंट उगवलेले, कानातलं रक्त ओघळून तिच्यावर आलेलं. वळ्या नव्हत्या. कधीच गेल्या होत्या, जेलमध्ये पहिल्या दोनचार वर्षांतच झडल्या असतील. आणि गेल्या रविवारी त्याने त्या स्पष्ट पाहिल्या होत्या, आज सकाळी तर दुसऱ्याच माणसाच्या मानेवर पाहिल्या होत्या.

चौथा घाव. सुरेवाल्याचे दोन्ही हात पुढे झाले, तेव्हा फाटकाचे गज धरायला झाले होते तसे. गज नव्हते. समोर बंद फाटक नव्हतं, तेव्हाही नव्हतं.

पाचवा घाव त्याने स्वतःच्या मनगटावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"थांबा साहेब. ह्याने नाही. मी मारलं."

"तू बाजूला हो," फौजदार खेकसला. "रक्त बघून डोकं फिरलंय ह्याचं."

"काप बघा. मागे उभं राहून घातलाय, डावीकडून उजवीकडे, एका ओढीत. अर्ध्यावर अडखळलाय, ते पण दिसेल. कत्तलखान्यात विचारा, असा काप कोण घालतं. ह्याला सुरा धरता येत नाही, साहेब. हा टॉमीवाला आहे."

फौजदार वाकला. भन्त्यांच्या गळ्यावरची फडकी त्याने दोन बोटांनी उचलून पाहिली. मग उठला आणि त्याने शिपायाला हाताने खूण केली. शिपायाने लाठी खाली केली.

"अरे, ह्या म्हाताऱ्याने तुझं काय घोडं मारलं होतं?"

"काही नाही. ह्यांना नव्हतो मारत."

"मग कोणाला? ह्याला?"

ड्रायव्हर पालथाच होता. श्वासागणिक त्याची ती बारीक मान थोडी हलत होती. सुरेवाल्याने तिच्याकडे पाहिलं, तोंड खाली करून, अगदी जवळून पाहिलं.

"ह्यालाही नाही."

"मग होता कोण?"

"कुणी नव्हतं, साहेब. मी ज्याला मारत होतो तो इथे नव्हताच. कुठेच नव्हता." त्याने मोडलेलं मनगट तसंच लोंबकळत ठेवून दोन्ही हात बेड्यांसाठी पुढे केले. "पण हात माझा होता."